दोन ग्राफिक्स कार्डं आणि 2011 चा प्रोसेसर: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गेमिंग संगणकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. हे प्रकरण 2022 च्या दिवाळीआधी सुरू झालं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि घरची माहिती गाळली आहे. यंत्राचे तपशील मात्र पूर्ण देतो, कारण खेड्यापाड्यांत अशी पुण्या-मुंबईहून उतरून आलेली यंत्रं बरीच आहेत आणि खेळ अडखळला की प्रोसेसर जुना म्हणून बदलावा का, हा प्रश्न त्यांच्या मालकांना पडतो.

संगणक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा. घरी कोरडवाहू शेती: कपाशी, तूर, सोयाबीन. पुण्याला नोकरी करणाऱ्या मावसभावाने स्वतःसाठी नवं यंत्र घेतलं आणि जुनं याला देऊन टाकलं. त्यात इंटेलचा कोर आय7-2600के प्रोसेसर, झेड68 चिपसेटचा मदरबोर्ड, 4 जीबीच्या दोन पट्ट्या मिळून 8 जीबी डीडीआर3 रॅम, 1 टीबीची हार्डडिस्क, 750 वॅटचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) आणि एसएलआय ब्रिजने एकमेकांना जोडलेली एनव्हिडियाची दोन जीटीएक्स 970 ग्राफिक्स कार्डं. एसएलआय म्हणजे दोन कार्डांनी मिळून एकच खेळ चालवण्याची एनव्हिडियाची सोय. मॉनिटर 1920 बाय 1080 चा, 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारा.

2600के जानेवारी 2011 मध्ये बाजारात आला. चार कोर, आठ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे), मूळ वेग 3.4 गिगाहर्ट्झ, काम पडलं की तो आपोआप थोडा वर जातो. जीटीएक्स 970 सप्टेंबर 2014 चं. म्हणजे यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा प्रोसेसर अकरा वर्षांचा होता आणि कार्डं आठ वर्षांची. 2014-15 मध्ये असं यंत्र ज्याच्या घरी होतं त्याला खेळासाठी कशाची कमी नव्हती. त्यामुळे ‘भंगार आलं’ म्हणून त्याच्याकडे पाहायची माझी तयारी नव्हती.

अडचण

मुलगा मुख्यतः जीटीए 5 खेळायचा, अधूनमधून विचर 3, आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट. जीटीए 5 शहरात शिरलं की अडखळायचं. गाडी वेगात असली की चित्र क्षणभर थिजायचं आणि मग उडी मारून पुढे जायचं. तो म्हणाला, “भाऊ, दोन-दोन कार्ड लावून बी अटकून राहिलं. प्रोसेसर जुना हाय म्हणून होते का हे?”

मावसभावाचं मत ठाम होतं. प्रोसेसर कार्डांना पुरा पडत नाही, बदलून टाक. नागपूरहून भावही काढून झाला होता. कोर आय3-12100एफ, एच610 मदरबोर्ड आणि 16 जीबी डीडीआर4 रॅम मिळून एकवीस हजारांच्या आसपास.

त्या पावसाळ्यात विदर्भात अतिवृष्टीने सोयाबीनचं मोठं नुकसान झालं होतं आणि या घराचंही झालं होतं. एकवीस हजार द्यायचे तर ते पहिल्या वेचणीच्या कापसातून. वडील मुलाबरोबर दुकानात आले होते. त्यांनी एकच विचारलं, “बदलवलं तं चालन ना पक्कं?”

या प्रश्नाला अंदाजाने ‘हो’ म्हणायचं नाही असं मी तिथेच ठरवलं. प्रोसेसर जुना आहे हे कुणालाही दिसतं. तो अडवतो का, कुठल्या खेळात अडवतो, आणि अडवत असेल तर एकवीस हजारांत ती अडवणूक सुटेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पैसे खर्चू नका, असं काकाजींना, म्हणजे मुलाच्या वडिलांना, सांगितलं आणि यंत्र ठेवून घेतलं.

पहिला निर्णय: आधी यंत्र धडधाकट करायचं

मोजमापाला बसण्याआधी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांत कापसाचे तंतू आणि धूळ यांचा नमदा बसला होता. घरात कापूस साठवलेला, त्याच खोलीत संगणक. आमच्याकडे हे नेहमीचंच. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळून भुकटी झाली होती. खेळ सुरू केला की प्रोसेसरचं तापमान नव्वदीच्या पार जायचं. या प्रोसेसरची कमाल मर्यादा 98 अंश. त्याच्या जवळ पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. चारही कोर कामाला असताना त्याने 3.5 गिगाहर्ट्झवर टिकायला हवं होतं, तो 2.5 पर्यंत घसरत होता.

दुसरी गोष्ट सीपीयू-झेड या यंत्राची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकाच चॅनलच्या (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटेच्या) खाचांत बसवलेल्या होत्या. डीडीआर3-1333 ची एका चॅनलची वहनक्षमता सेकंदाला 10.6 जीबीच्या आसपास असते, दोन चॅनलची त्याच्या दुप्पट. पुण्याहून येताना वाटेत पट्ट्या निघाल्या असतील आणि कुणीतरी हाताला येईल त्या खाचेत बसवल्या असतील. एक पट्टी उचलून दुसऱ्या चॅनलच्या खाचेत बसवली. खर्च शून्य.

हीटसिंक धुऊन वाळवलं, नवी पेस्ट लावली, कॅबिनेटचे पंखे साफ केले. याच अवस्थेत कुणी ‘प्रोसेसर कमी पडतो’ म्हणाला असता तर ते खरंच होतं, पण 2600के कमी पडत होता असं त्यातून निघत नव्हतं. गुदमरलेला आणि रॅमच्या अर्ध्या वहनक्षमतेवर चालणारा 2600के कमी पडत होता. या दोन विधानांत एकवीस हजारांचं अंतर आहे. माझ्याकडे ‘जुनं झालं, बदला’ असं ऐकून आलेली जी यंत्रं येतात, त्यांतल्या पुष्कळांचं दुखणं इथेच सापडतं.

आल्या अवस्थेत जीटीए 5 शहरात सेकंदाला 45 फ्रेमच्या (पडद्यावरच्या चित्रांच्या) आसपास चालत होतं आणि मधेच विशीत पडत होतं. साफसफाई आणि रॅमनंतर तेच दृश्य, त्याच सेटिंग, सरासरी 65.

मोजमाप

आता खरा प्रश्न. त्याआधी यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते.

पडद्यावरची प्रत्येक फ्रेम दोन हातांतून जाते. प्रोसेसर आधी ठरवतो की कोणती गाडी कुठे आहे, कोण कुठे चालतंय, टक्कर झाली का, काय काय काढायचं आहे. मग तो ग्राफिक्स कार्डाला काढण्याचे हुकूम देतो आणि कार्ड चित्र काढतं. एका फ्रेमची तयारी करायला प्रोसेसरला 15 मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला 66 च्या वर फ्रेम निघूच शकत नाहीत. कार्ड एक असो, दोन असोत, जगातलं सगळ्यात महाग असो. डायरेक्टएक्स 11 (खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला मायक्रोसॉफ्टचा दुवा) वापरणाऱ्या खेळांत हुकूम देण्याचं बरंचसं काम एकाच थ्रेडवर पडतं, त्यामुळे आठ थ्रेड असूनही एकच दमून जातो आणि बाकीचे वाट पाहतात.

एसएलआयमध्ये दोन कार्डं बहुतेक वेळा आळीपाळीने फ्रेम काढतात, एक फ्रेम वरच्या कार्डाची, पुढची खालच्या कार्डाची. चित्र काढण्याची ताकद कागदावर दुप्पट होते. पण दुप्पट फ्रेम हव्या असतील तर त्यांची तयारीही दुप्पट वेगाने व्हावी लागते, आणि ती करणारा प्रोसेसर तोच. शिवाय दोन कार्डांचा मेळ घालण्याचं ड्रायव्हरचं कामही त्याच्याच डोक्यावर. म्हणून दुसरं कार्ड लावलं की जुन्या प्रोसेसरची मर्यादा लांब जात नाही, उलट लवकर आडवी येते.

हे सांगत होतो तेव्हा काकाजी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे विहीर एकच, अन् मोटारी दोन.” बरोबर तेच. दुसऱ्या मोटारीने झरा वाढत नाही.

पण प्रत्येक खेळात विहीर आटलेली असते असंही नाही, म्हणून मोजायचं. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावून पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम, प्रत्येक कोरचा भार, दोन्ही कार्डांचा भार आणि तापमानं दिसतील अशी सोय केली. एकूण प्रोसेसर भार पाहून काही कळत नाही. आठ थ्रेडांपैकी एक पूर्ण भरला आणि बाकीचे अर्धे रिकामे असले तरी टास्क मॅनेजर 50-60 टक्के दाखवतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळाच आहे.

तीन कसोट्या लावल्या. पहिली, रेझोल्युशन 1080 वरून 720 वर आणायचं. तसं केल्यावर कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडवत होतं, न वाढल्या तर प्रोसेसर. दुसरी, एसएलआय बंद करून एका कार्डावर तेच दृश्य. तिसरी, प्रोसेसरचा वेग बदलून पाहायचा. 2600के मधलं शेवटचं ‘के’ अक्षर म्हणजे वेग वाढवण्याची मोकळीक, आणि झेड68 बोर्डवर ती वापरता येते.

जीटीए 5, शहराचा गजबजलेला भाग. दोन कार्डांवर 1080 ला सरासरी 65. तेच 720 ला आणलं, तरी 65. दोन्ही कार्डांचा भार निम्म्यावर लोळत होता. म्हणजे इथे प्रोसेसर अडवत होता, शंकाच नाही. वेग 3.5 वरून 4.2 गिगाहर्ट्झ केला, तर सरासरी 76 वर गेली. वेग जितका वाढला, जवळपास त्याच प्रमाणात फ्रेम वाढल्या. प्रोसेसर अडवतो याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

मग मूळ वेगावर येऊन एसएलआय बंद केलं. एका कार्डावर 1080 ला सरासरी 59. सरासरीत सहा फ्रेमचा फरक. पण सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम पाहिल्या तर दोन कार्डांवर त्या चाळीसच्या आसपास होत्या, एका कार्डावर अठ्ठेचाळीसच्या. म्हणजे दुसऱ्या कार्डाने सरासरी थोडी वर नेली आणि धक्के वाढवले. आळीपाळीच्या पद्धतीत दोन फ्रेममधलं अंतर सारखं राहत नाही. मोजणी 65 दाखवते, डोळ्याला मात्र ते खडबडीत वाटतं. मुलाला आकडे न दाखवता दोन्ही खेळायला दिलं. त्याने एका कार्डाचं गुळगुळीत म्हणून निवडलं.

विचर 3 ने अगदी उलट चित्र दाखवलं, आणि ते लपवणं बरोबर नाही. उघड्या रानात, भरपूर सेटिंगवर, एका कार्डावर 50 च्या आसपास. दोन कार्डांवर 75. दोन्ही कार्डं नव्वद टक्क्यांच्या वर राबत होती. अकरा वर्षांचा प्रोसेसर तिथे आडवा येत नव्हता आणि दुसरं कार्ड आपला पगार कमवत होतं. नोव्हिग्राड शहरात शिरलं की मात्र दोन कार्डांवरही आकडा 55 पर्यंत उतरायचा, कारण तिथली गर्दी प्रोसेसरला हलवावी लागते. एकाच खेळात, एका वेशीच्या अलीकडे कार्डाची मर्यादा आणि पलीकडे प्रोसेसरची. म्हणून ‘हा प्रोसेसर या कार्डाला अडवतो का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दाचं उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. कोणता खेळ, कोणतं ठिकाण, कोणतं रेझोल्युशन, हे विचारल्याशिवाय उत्तर निघत नाही.

व्हॅलोरंटमध्ये दुसरं कार्ड शून्यावर, पूर्ण निवांत. पहिलं निम्म्या भारावर. फ्रेम दीडशेच्या आसपास. इथेही प्रोसेसरच अडवत होता, पण मॉनिटर 60 हर्ट्झचा. दीडशेवर अडवलं काय आणि अडीचशेवर काय, या मुलाच्या पडद्यावर तितकंच दिसणार.

थिजण्याचं कोडं

सरासरी सुधारली तरी क्षणभर थिजणं पूर्ण गेलं नव्हतं. वेगात गाडी हाणली की अजून झटका बसायचा. त्या क्षणी प्रोसेसरचा भार खाली, दोन्ही कार्डांचा भार खाली, आणि हार्डडिस्कचा दिवा सतत पेटलेला. 8 जीबी रॅम काठोकाठ भरलेली. खेळ पुढच्या रस्त्याची चित्रं डिस्कवरून मागत होता आणि ती वेळेवर येत नव्हती. म्हणजे ज्या तक्रारीसाठी प्रोसेसर बदलायला निघाले होते, तिच्यातला सगळ्यात डोळ्यांत भरणारा भाग प्रोसेसरचा नव्हताच.

कार्डाची मेमरीही पाहून घेतली. दोन कार्डं म्हणजे 8 जीबी असं मुलगा धरून चालला होता. एसएलआयमध्ये दोन्ही कार्डांत तोच मजकूर भरावा लागतो, त्यामुळे वापरायला 4 जीबीच मिळतात. 970 मध्ये त्यातले 3.5 जीबी वेगवान आणि अर्धा जीबी संथ असतो, हे एनव्हिडियाने जानेवारी 2015 मध्ये स्पष्ट केलं होतं. पोत (टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवरची चित्रं) एक पायरी खाली आणले आणि वापर साडेतीनच्या आत ठेवला.

वीज आणि उष्णता

शहरातल्या चर्चेत हा भाग नसतो. आमच्याकडे तोच निम्मा निर्णय करतो.

एका जीटीएक्स 970 ला ठरीव 145 वॅट लागतात, दोनांना 290. प्रोसेसरचे 95. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरून आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरून भिंतीतून पाचशे वॅटच्या आसपास ओढ. घरचा यूपीएस 600 व्हीएचा, म्हणजे साडेतीनशे वॅटच्या आसपास पेलणारा. दोन कार्डांवर खेळ रंगात आला की तो टीं-टीं करत बंद पडायचा आणि यंत्र धाडकन विझायचं. रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झालं की संध्याकाळी व्होल्टेज आणखी उतरतं, आणि व्होल्टेज उतरलं की एसएमपीएस तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढतो. अशा झटक्यांत विंडोज दोनदा बिघडलेलं होतं. मुलाने तोही दोष प्रोसेसरच्या नावावर मांडला होता.

कॅबिनेटमध्ये दोन कार्डं खेटून बसलेली. वरच्याला खालच्याची गरम हवा. ऑक्टोबरातच वरचं 80 अंशांच्या वर जाऊन वेग उतरवत होतं. मे महिन्यात, बाहेर पारा 44-45 ला असताना, काय झालं असतं हे सांगायला नको.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय मावसभावाचा, नवा प्रोसेसर-बोर्ड-रॅम. 12100एफ चा एकेक कोर 2600के पेक्षा फारच वेगवान आहे. जीटीए 5 मधली प्रोसेसरची मर्यादा त्याने नक्की उठली असती. पण एक गाठ कुणी पाहिली नव्हती. एच610 बोर्डवर ग्राफिक्सच्या सोळा लेन (प्रोसेसर आणि कार्डामधल्या माहितीच्या वाटा) दोन कार्डांत आठ-आठ अशा वाटता येत नाहीत, आणि एसएलआयला प्रत्येक कार्डामागे किमान आठ लेन लागतात. म्हणजे दोन कार्डांना पुरा पडावा म्हणून जो प्रोसेसर घ्यायचा, त्याच्याच बोर्डवर दुसरं कार्ड निरुपयोगी होणार. एसएलआय चालवणारा नव्या पिढीचा बोर्ड घ्यायचा तर हिशेब कुठल्या कुठे जातो. नागपूरच्या भावपत्रकात हे कुठे लिहिलेलं नसतं. शिवाय एका कार्डावर आणि 60 हर्ट्झच्या पडद्यावर एकवीस हजारांत जीटीए 5 मध्ये 59 चे 60 होणार होते.

दुसरा, त्याच खाचेत बसणारा जुना आय7-3770के. पाच-सहा हजारांत सेकंडहँड मिळाला असता. 2012 चा, तेही चार कोर आठ थ्रेड, त्याच वेगाला थोडासा सरस. 2600के 4 गिगाहर्ट्झवर चालवला की तेवढं फुकट मिळतं. सोडून दिला.

तिसरा, दोन्ही 970 विकून एक जरा नव्या पिढीचं वापरलेलं कार्ड घेणं. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि जुन्या कार्डांचा बाजार भरून वाहू लागला होता. भाव उतरत होते. पण मायनिंगमध्ये दिवसरात्र राबलेलं कार्ड बिनपावतीचं घेऊन इथल्या उन्हाळ्यात चालवायचं, ते बंद पडलं तर दाद कुणाकडे मागायची? हा पर्याय मी बाजूला ठेवला, कायमचा फेटाळला नाही.

चौथा, मुलाने स्वतः मांडलेला: 1440 चा मॉनिटर घेऊ, म्हणजे भार कार्डांवर जाईल आणि दोन्ही कामाला लागतील. तर्क बरोबर आहे. रेझोल्युशन वाढवलं की जुना प्रोसेसर कमी डोळ्यांत भरतो. पण त्याने एकही फ्रेम वाढत नाही, आणि खर्च पुन्हा पंधरा-वीस हजार.

पाचवा, एक कार्ड काढून टाकायचं, ते विकून आलेल्या पैशांत यंत्राच्या खऱ्या दुखण्यांवर खर्च करायचा.

निर्णय आणि कृती

पाचवा ठरला, पण सहज नाही. दोन कार्डं ही त्या मुलाची शान होती. काचेच्या झाकणातून ती दिसायची, मित्र बघायला यायचे. विचर 3 मध्ये दुसरं कार्ड काढलं की रानातल्या फ्रेम 75 वरून 50 वर येणार, हा खरा तोटा होता आणि तो मी त्याच्यापुढे स्पष्ट मांडला. त्याने विचारलं, “पुढच्या गेममधी तं दोन्ही चालतीन ना?” इथे उत्तर ठाम होतं. एसएलआय प्रत्येक खेळासाठी ड्रायव्हरमधल्या वेगळ्या प्रोफाइलवर चालतं, आणि एनव्हिडियाने 1 जानेवारी 2021 पासून नवी प्रोफाइलं देणं थांबवलं आहे. डायरेक्टएक्स 12 मध्ये दोन कार्डांची सोय खेळ बनवणाऱ्यांनी स्वतः करावी लागते आणि ती फार थोडे करतात. दुसऱ्या कार्डाला पुढे काम मिळणार नाही, आणि त्याची विकत जाण्याची किंमतही दर महिन्याला उतरणार. त्याने एक आठवडा घेतला आणि मग हो म्हणाला.

कार्ड तालुक्यातल्याच एका लग्नाचं व्हिडिओ संपादन करणाऱ्याने पाच हजारांना घेतलं. समोर चालवून, तापवून, दाखवून दिलं. त्या पाचांत साडेपाच हजार घालून तीन गोष्टी घेतल्या: 480 जीबीची एसएसडी, 8 जीबीच्या दोन सेकंडहँड डीडीआर3 पट्ट्या आणि 1 केव्हीएचा यूपीएस.

प्रोसेसर 4 गिगाहर्ट्झवर स्थिर केला, व्होल्टेज न वाढवता. 4.2 पण चालत होता, पण मला मे महिना दिसत होता. फ्रेम 60 वर बांधल्या, म्हणजे न दिसणाऱ्या फ्रेमसाठी वीज आणि उष्णता जाळली जात नाही. जीटीए 5 मध्ये गवत एक पायरी खाली आणलं, ते कार्डावर जड असतं. रस्त्यावरची गर्दी आणि लांबवरचा तपशील थोडा उतरवला. या दोन सेटिंग प्रोसेसरवर जड असतात, आणि जुना प्रोसेसर असलेल्याने सगळ्यात आधी त्यांनाच हात लावावा. सावल्या आणि पोत खाली आणून काही होत नाही म्हणून लोक वैतागतात, कारण ते कार्डाचं ओझं हलकं करत असतात आणि थकलेला असतो प्रोसेसर.

परिणाम

जीटीए 5 शहरात 60 वर टिकून चालतं, सगळ्यात वाईट क्षणी पन्नासच्या आसपास. थिजणं गेलं. यूपीएस ओरडत नाही, आणि वीज गेली तर खेळ जतन करून यंत्र नीट बंद करायला वेळ मिळतो. व्हॅलोरंट आधीसारखंच, म्हणजे उत्तम. विचर 3 मध्ये सेटिंग उतरवावी लागली. पुढे डिसेंबर 2022 मध्ये त्या खेळाचं मोठं अपडेट आलं आणि त्यात डायरेक्टएक्स 12 आलं. व्हिडिओवाल्याकडचं कार्ड दोन दिवस मागून आणून मुलाने ते दोन कार्डांवर चालवून पाहिलं. डायरेक्टएक्स 12 मध्ये दुसरं कार्ड स्वस्थ बसून होतं. त्यानंतर त्याने दुसऱ्या कार्डाचा विषय काढला नाही.

उन्हाळ्यात मी घरी जाऊन पाहिलं. खोलीत कूलर, तरी आत 38 अंश. प्रोसेसर 4 वर ठेवला तर ऐंशीच्या वर जात होता, म्हणून जून लागेपर्यंत मूळ वेगावर आणला. जीटीए 5 शहरात तेवढ्या काळापुरतं साठच्या खाली आलं. म्हणजे प्रोसेसरची मर्यादा आहे, आणि ती ऋतूप्रमाणे सरकते. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोरून हलवायला लावलं, कारण ओलसर हवेबरोबर पाण्याचे तुषार आत जातात. कापूस साठवायची खोली आणि संगणकाची खोली वेगळी केली.

वेगळं काय करता आलं असतं

एसएसडी आणि जादा रॅम एकाच दिवशी बसवली. त्यामुळे थिजणं कशाने गेलं, डिस्कने की रॅमने, हे या यंत्रात वेगळं काढता येत नाही. ज्याच्याकडे एकाचेच पैसे आहेत त्याला हे प्रकरण पूर्ण उत्तर देत नाही. एसएसडी आधी बसवून एक आठवडा खेळायला दिलं असतं तर मिळालं असतं.

यंत्र गावात पोचलं त्याच दिवशी एक कार्ड काढून चालवून पाहिलं असतं, तरी बरंच कळलं असतं. त्याला काही लागत नाही, एक स्क्रू आणि एक कनेक्टर. एका कार्डावर तोच खेळ तितकाच किंवा जास्त सुरळीत चालला, तर दोन कार्डांच्या तक्रारीत प्रोसेसरला दोष देण्याआधी दुसऱ्या कार्डाला प्रश्न विचारायला हवा. 720 वर आणून पाहण्याची कसोटी तर फुकट आणि पाच मिनिटांची. फोनवरून सल्ला देणाऱ्या मावसभावालाही ती सांगता आली असती.

विचर 3 हाच जर मुलाचा मुख्य खेळ असता, तर मी दुसरं कार्ड काढायला लावलं नसतं. मोठा यूपीएस आणि कॅबिनेटला चांगले पंखे यांवर खर्च सुचवला असता, आणि उन्हाळ्याचे दोन महिने एका कार्डावर काढायला सांगितलं असतं. आणि मॉनिटर 144 हर्ट्झचा असता तर प्रोसेसर बदलण्याचा सल्ला बरोबर ठरला असता, कारण जीटीए 5 मध्ये 2600के कडून शंभरच्या वर काही निघणार नाही. तेव्हाही दुसरं कार्ड आधी विकूनच.

मुलाचं यंत्र अजून त्याच प्रोसेसरवर चालतं. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, मायक्रोसॉफ्ट अधिकृतपणे धरत नाही. 2600के दुसऱ्या पिढीचा. त्यामुळे आता प्रोसेसर आणि बोर्ड बदलायचं कारण फ्रेममध्ये नसून सुरक्षेच्या अपडेटमध्ये आहे. त्यासाठी त्याने स्वतः, शिकवण्या घेऊन, पैसे साठवायला सुरुवात केली आहे. यादी त्याने लिहून दाखवली: आधी बोर्ड, प्रोसेसर, रॅम, यूपीएस आणि एसएसडी आहेत तेच, कार्ड एकच, आणि ते नंतर.